मास्तरांची वाळू

आमचे मास्तर समोरून येताना दिसले की रत्नागिरीतली घड्याळवाली माणसं खिशावर हात ठेवून रस्ता बदलत. घड्याळवाली माणसं तरी किती? हेडमास्तर, पोस्टमास्तर आणि दोनचार वकील. मास्तरांच्या कोटाच्या आतल्या खिशात घोड्याच्या नालाएवढा लोहचुंबक असे. शाळा तपासायला आलेल्या साहेबांना मास्तरांनी वाकून नमस्कार केला आणि साहेबांचं घड्याळ तिथेच थांबलं, अशी गोष्ट शाळेत सांगत. ती खरी की रचलेली, मला ठाऊक नाही. पण मास्तरांची थोरली विधवा बहीण, जिला आम्ही सगळे आक्का म्हणत असू, तिच्या हरवलेल्या सुया संध्याकाळी मास्तरांच्या कोटावर सापडत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. लिहिण्याची सवय नाही. मास्तरांना माझ्याहून हुशार विद्यार्थी पुष्कळ लाभले, त्यांनी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण ज्या दिवशी मास्तर आमच्या घरामागच्या खड्ड्यात उतरले आणि किती हाका मारल्या तरी वर बघेनात, त्या दिवशी त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी तिथे मी एकटाच होतो. म्हणून धीर करतो.

मास्तरांचा एक प्रश्न होता. ‘खालचं बघितलंस का?’ तो ते कुणालाही विचारत. बाजारात आंब्याची करंडी घेताना विचारत. फळ्यावर कुणी गणित बरोबर सोडवलं की म्हणत, ‘उत्तर आलं. खालचं बघितलंस का?’ म्हणजे ते उत्तर का आलं, ते. एकदा नात्यातल्या मुलीचं लग्न ठरत होतं. पाहुणे मुलाचं कौतुक करत होते. मास्तर बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “हे सगळं वरचं झालं. खालचं बघितलंत का?” पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. आक्का पुढे कितीतरी दिवस भावाशी बोलत नव्हत्या.

हा प्रश्न त्यांना वाळूने शिकवला होता. रत्नागिरीत दोन समुद्र आहेत असं आम्ही लहानपणापासून म्हणतो. किल्ल्याच्या एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला काळा. पाणी एकच, वाळूचे रंग वेगळे. हे असं का, हा प्रश्न मास्तर येईपर्यंत आमच्यापैकी कुणालाही पडला नव्हता. ते आम्हांला काळ्या समुद्रावर घेऊन गेले. प्रत्येकाच्या हातात नारळाची करवंटी. करवंटीत वाळू घ्यायची, पाणी घालायचं, गोल गोल हलवायची. आपल्या आया तांदूळ धुतात तसंच, फक्त इथे हलकं जाऊ द्यायचं आणि जड राखायचं. तळाशी काळी रेघ उरे. मास्तर तिच्यावरून चुंबक फिरवत. काही कण टुणकन उडी मारून चुंबकाला चिकटत. बरेचसे तिथेच पडून राहत.

“उडी मारली ते लोखंडाचे सख्खे,” मास्तर म्हणत. “बसून राहिले ते सावत्र. ह्यांच्यात लोखंड आहे, पण त्याच्याबरोबर दुसरा एक धातू नांदतो. ह्याला इल्मेनाइट म्हणतात. आणि लक्षात ठेवा, वरची वाळू वाऱ्याची. ती आज इथे, उद्या तिथे. तिच्या बोलण्यावर जाऊ नये. खालची वाळू जागची असते. विचारायचं तर तिला विचारा.”

असं म्हणून ते स्वतः कोपरापर्यंत हात खुपसून खालची मूठ काढत. बाया शिंपल्या वेचता वेचता ओरडत, “ओ मास्तर, सोनं गावलं काय?” मास्तर गंभीरपणे उत्तर देत, “अजून नाही. गावलं की आधी तुम्हांला सांगेन.” आणि आक्का घरी म्हणत, “सोनं राहू दे, भातात वाळू येते त्याचं बघ. तो तुझा चुंबक एकदा तपेल्यातून फिरव.”

“आक्का, भातातली वाळू पांढरी आहे. ती चुंबकाला दाद देत नाही.”

“मग जड-हलकं कर की! जगाची वाळू धुतोस, घरचे तांदूळ तेवढे राहिले.”

पण मास्तरांचा खरा जीव काळ्या वाळूत नव्हता. तो पिवळ्या वाळूत होता, आणि पिवळी वाळू रत्नागिरीत नव्हती.

शाळेच्या संमेलनात गॅसच्या बत्त्या भाड्याने आणत. एका वर्षी बत्ती पेटवण्याआधी मास्तरांनी तिच्यातली जाळी काढून आम्हांला दाखवली. साधी विणलेली पिशवी. “हे कापड जळून जाणार,” ते म्हणाले. “उरेल ती राख. आणि तीच राख तुम्हांला रात्रभर उजेड देईल. कापूस जळून उजेड देत नाही. हे कापड ज्या क्षारात बुडवलंय तो उजेड देतो. तो क्षार येतो एका पिवळ्या वाळूतून. तिचं नाव मोनाझाइट. दक्षिणेत त्रावणकोरच्या किनाऱ्यावर ती नुसती पडलेली असते. तिकडून ती विलायतेला जाते आणि जाळी होऊन आपल्या लग्नात परत येते.” मग थोडं थांबून ते म्हणाले होते, “त्यांचाही समुद्र हाच. मग आपल्याकडे ती का नाही?”

हा प्रश्न त्यांनी विद्वानांना विचारला होता आणि विद्वान हसले होते. आपला कोकणचा दगड म्हणजे जमिनीतून वर आलेला काळा रस. तो थिजला, आणि वरचा थर कुजून त्याचा जांभा झाला. त्यात पिवळं मोनाझाइट असू शकत नाही. ते फार जुन्या दगडांत, ग्रॅनाइटात असतं. पुढे पुण्याला मी हाच विषय घेतला, तेव्हा आमच्या प्राध्यापकांना भीतभीत विचारून पाहिलं. ते म्हणाले, “रत्नागिरीला मोनाझाइट? म्हणजे माडाला फणस.” वर्ग हसला. मीही हसलो असेन.

मास्तरांचं म्हणणं असं, की मालवणाच्या बाजूला जुना दगड आहे. नद्या तो झिजवतात, समुद्र उचलतो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने वर आणतो. एखाद्या खाडीच्या तोंडाशी, एखाद्या वळणावर तो ते टाकत असलाच पाहिजे. शाळेच्या सुट्ट्या त्यांनी ह्या ‘असलाच पाहिजे’मध्ये घालवल्या. बढतीच्या वेळी त्यांना मागे ठेवण्यात आलं. कारण सांगितलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. चुंबक घेऊन फिरणाऱ्या माणसाला हेडमास्तर कोण करणार?

आमचं गाव भाट्याच्या खाडीपलीकडे दक्षिणेला, एका लहानशा खाडीच्या तोंडावर. घर अगदी पुळणीला, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूला, लागून. पुढे अंगण, मागे माड, माडांच्या मागे वाळू आणि वाळूमागे समुद्र. माझे बाबा तरुणपणी गलबतावर खलाशी होते. पुढे खाडीचं तोंड गाळाने भरलं, गलबतं आमच्या गावात येईनाशी झाली, तेव्हा ते माडांची देखभाल करू लागले. जमीन खोतांची, माड आमच्या आजोबांनी लावलेले.

मी मे महिन्याच्या सुट्टीत घरी आलो होतो. मास्तर आमच्याकडे आले ते माझ्यासाठी नव्हे, पुळणीसाठी. आईने दिलेलं ताक उभ्याउभ्याच पिऊन ते करवंटी घेऊन मागे गेले. वाऱ्याने वरची पांढरी वाळू उडून गेली होती. मास्तर बसले, वाळू धुतली, आणि करवंटी तशीच धरून राहिले. मी जवळ गेलो. तळाशी काळ्या रेघेला लागून एक बारीक पिवळी रेघ होती. मधासारखी. मास्तरांनी चुंबक फिरवला. काही काळे उडाले. पिवळे हलले नाहीत.

“बोलू नकोस,” ते मला म्हणाले. मी बोलत नव्हतोच.

त्यांनी चार ठिकाणची मूठमूठ वाळू बाटलीत भरली. त्या दिवशी त्यांनी कोपरापर्यंत हात खुपसला नाही. एवढा आनंद झालेला माणूस खाली कशाला बघेल?

पुढची परीक्षा त्यांच्या घरी झाली. रत्नागिरीतल्या फोटोग्राफरकडून त्यांनी फोटो उमटवायची एक कोरी काच मिळवली. ती काळ्या कागदात गुंडाळली, कागदावर ते पिवळे कण पसरले आणि सगळं ट्रंकेत, अंधारात ठेवून दिलं. मोनाझाइट असेल तर उजेडावाचून काचेवर डाग उठतील, ते म्हणाले. त्या कणांतून डोळ्यांना न दिसणारं काहीतरी सतत बाहेर पडतं. आक्का म्हणाल्या, “ट्रंकेत माझी लुगडी आहेत. त्यांच्यावर नको उठायला काही.” मास्तर रोज ट्रंकेपाशी जाऊन उभे राहत, पण उघडत नसत. आणि एके दिवशी त्यांनी ती काच फोटोग्राफरकडून धुऊन आणली. खिडकीशी धरली. काचेवर बारीक काळे ठिपके होते. जिथे जिथे कण होता, तिथे तिथे.

मास्तर खाली बसले. म्हणाले, “माडाला फणस लागला.” मी हे त्यांना कधीतरी सांगितलं होतं, ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

ही बातमी मास्तरांनी कुणाला सांगितली आणि फोटोग्राफरने कुणाला, ह्याचा आता उपयोग नाही. थोड्याच दिवसांत मुंबईचे एक गृहस्थ आले. पायात बूट, डोक्यावर साहेबी टोपी, बोलणं मात्र गोड. एक कंपनी उभी करण्याचा त्यांचा बेत होता. ते खोतांना भेटले. खोत सावध माणूस. ते म्हणाले, “मला वाळूतलं कळत नाही. मास्तरांनी चारचौघांत सांगावं की इथे ती चीज आहे. ते हो म्हणाले की पुळण तुमची. पावसाच्या आत माड तोडायला घ्या.” गृहस्थांनी मास्तरांना सांगितलं की कंपनीची प्रयोगशाळा तुमच्याच हाताखाली राहील. शाळा सोडा. तुमचं नाव पुस्तकात जाईल.

पुळणीवर कंपनीच्या हद्दीच्या खुंट्या ठोकल्या गेल्या. त्यातली एक आमच्या गोठ्याच्या भिंतीला लागून होती आणि एक अंगणाच्या पुढे. म्हणजे घर आत.

गावात दोन तट पडले. शेजारचा एकजण मुंबईत गिरणीतून आजारी होऊन परतला होता. तो पारावर म्हणाला, “हितंच काम गावलं तर मुंबईत मरायला कोण जातंय? माड काय, दुसरे लावू.” त्याचं चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही. त्याला कुणीतरी उत्तर दिलं, “लाव की. माड मोठा होईस्तवर वाळू खा.” हसले सगळे, पण हसणं लवकर संपलं.

आमच्या घरी कुणी हसत नव्हतं. आई गोठ्याजवळच्या खुंटीकडे पाठ करून बसे. “तुझ्या आज्यानं लावलान ते माड,” एवढंच एकदा म्हणाली. बाबा मात्र मला घेऊन बाहेर गेले.

“तू शिकलास त्यातलं. खरं सांग. ती पिवळी वाळू, ती हाय ना?”

“आहे, बाबा.”

“मंग घर जाणार.”

मी पायाने वाळू उकरत राहिलो.

“मास्तर तुझं ऐकतात. जा, सांग त्यांना. नाय म्हणा म्हणावं. एक शब्द. त्यांचं काय जातंय?”

त्यांचं काय जात होतं, हे मला माहीत होतं. ते बाबांना कसं सांगायचं, ते माहीत नव्हतं. मी होय म्हटलं आणि तरीने खाडी ओलांडून रत्नागिरीला गेलो.

संध्याकाळ होत आली होती. मास्तर ओटीवर कोटाला ब्रश करत होते. दुसऱ्या दिवशी पुळणीवर सगळ्यांसमोर बोलायचं होतं. काच त्यांनी एका पांढऱ्या रुमालात बांधून ठेवली होती. मी पायरीवर बसलो. सगळं वाक्य मनाशी जुळवून आणलं होतं. मास्तर बोलत राहिले. समुद्राचा प्रवाह कसा वळत असेल, खाडीच्या तोंडाशी तो कसा मंदावत असेल, वजनदार कण आधी कसे पडत असतील. ते इतके आनंदात होते की त्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही. मी तोंड उघडे, आणि ते पुढचा मुद्दा सांगत. शेवटी मी म्हणालो, “मास्तर, उद्या...”

“उद्याचं काय?”

ह्या माणसाने मला विचारायला शिकवलं, आणि त्याला मी खोटं बोलायला सांगणार होतो. दुसरीकडे आई खुंटीकडे पाठ करून बसली होती.

तेवढ्यात आक्का आतून दिवा घेऊन आल्या. कोटाला चिकटलेली सुई त्यांनी उपटून घेतली आणि सहज, नेहमीच्या चेष्टेने म्हणाल्या, “एवढा नटतोयस ते ठीक. पण खालचं बघितलंस का रे?”

मास्तरांचा ब्रश थांबला.

ते बराच वेळ आक्कांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले, पण त्यांना मी दिसत होतो असं वाटलं नाही. म्हणाले, “तू आता जा. शेवटची होडी चुकेल.” मी न सांगताच परत आलो. बाबा अंगणात वाट बघत होते. मी नाही अशी मान हलवली. त्यांनी तोंड फिरवलं.

सकाळी पुळणीवर गाव जमलं. खोत खुर्चीवर बसले. मुंबईच्या गृहस्थांना दुपारची बोट गाठायची होती, ते हातातल्या घड्याळाकडे पाहत मास्तरांपासून चार हात दूर उभे होते. मास्तर आले. रुमालात बांधलेली काच त्यांनी आणली होती, पण ती सोडली नाही.

“बोला, मास्तर,” खोत म्हणाले. “आहे की नाही?”

“खड्डा काढायला लागेल.”

गृहस्थ गोड हसले. “अहो, तुम्हांलाच तर वर मिळालंय. काच काळी झाली. आता खड्डा कशाला?”

“खालचं बघितलेलं नाही.”

“खाली त्याहून जास्तच असेल की.”

“असेल,” मास्तर म्हणाले. “बघतो.” त्यांनी कोट काढून मला दिला. चुंबकामुळे तो एका बाजूला ओढत होता. फावडं घेऊन ते स्वतः खणू लागले. दोन माणसं मदतीला आली. कोरड्या वाळूत खड्डा खणणं म्हणजे पाण्यात खड्डा खणण्यासारखं. काढावी तेवढी बाजूने येते. खड्डा रुंद करत करत खाली जावं लागलं. ओल लागली तेव्हा भिंती जरा धरल्या. मास्तर कमरेपर्यंत गेले, मग छातीपर्यंत, मग नुसतं डोकं दिसू लागलं. दर हातभर खोलीवर ते मूठ घेत, करवंटीत धूत आणि ओतत. वरच्या मुठींत पिवळी रेघ दिसत होती. जाड, मधासारखी. खोत खुर्चीवरून पुढे झुकले. गिरणीतून परतलेला शेजारी म्हणाला, “हाय! हाय रे हाय!”

मग फावड्याला काहीतरी लागलं.

मास्तरांनी ते हाताने मोकळं केलं. कुजून काळी पडलेली झापं होती, माडाच्या विणलेल्या झावळ्या. त्यांच्याबरोबर डांबराचे गोळे, सुंभाचे तुकडे. मास्तरांनी माणसांना वर पाठवलं आणि एकटेच खाली राहिले. झापांच्या खालची मूठ घेतली, धुतली. मी काठावरून वाकून पाहिलं. करवंटीत काळी रेघ होती, नुसती काळी. त्यांनी आणखी खाली हात घातला. पुन्हा काळी. पुन्हा. ते गुडघ्यांवर बसले आणि हातांनीच खणू लागले.

“मास्तर, मिळालं ना?” गृहस्थांनी वरून विचारलं.

मास्तर खणतच होते. भिंतीतून वाळू ओघळायला लागली होती. आधी बारीक धार, मग ढेकळं.

“मास्तर, वर या,” खोत ओरडले. “भिंत येते आहे!”

मास्तरांनी वर पाहिलंच नाही. मी ओरडलो, “मास्तर!” एक मोठी फळी सुटल्यासारखी भिंतीची एक कड खाली आली आणि त्यांचे पाय वाळूत गेले. तेव्हा बाबा धावले. गोठ्याची फळी घेऊन ते खड्ड्यात उतरले, फळी भिंतीला लावली आणि तिला पाठ देऊन उभे राहिले. ज्या माणसाच्या एका शब्दाने घर जाणार होतं, त्या माणसाला वाचवायला बाबा पाठ देऊन उभे होते. मास्तर त्यांच्या पायाशी बसून वाळू धूतच होते.

“मास्तर, आधी वर चला,” बाबा दात आवळून म्हणाले, “मंग काय ते बोला.”

“एक मूठ,” मास्तर म्हणाले. “एकच.”

ती मूठ त्यांनी धुतली. करवंटी बराच वेळ बघितली. मग ते वर आले, बाबांना हात देऊन त्यांनाही वर घेतलं, आणि खोतांसमोर उभे राहिले. धोतराला काळी-पिवळी वाळू लागली होती.

गृहस्थ पटकन म्हणाले, “वर आहे ना? आम्ही सगळ्यांनी पाहिली. तेवढं पुरे. खालचं खाली राहू द्या. तुम्ही फक्त आहे म्हणा.”

मी कोट घट्ट धरला होता.

“ही वाळू इथली नाही,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे?”

“समुद्राने टाकलेली नाही. ती झापांच्या वर आहे. झापं माणसांनी टाकलेली. डांबर माणसांचं. त्याच्याखाली ह्या पुळणीची स्वतःची वाळू आहे, तिच्यात पिवळा कण नाही. ही कुणीतरी बाहेरून आणून ओतली आहे. इथे गलबतं ठेवत असणार.”

“मग किती जागेत आहे ती?” खोतांनी विचारलं.

“एक गलबत मावेल तेवढ्या.”

गृहस्थांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “मास्तर, तुमचं नाव झालं असतं हो,” ते खरोखरच हळहळून म्हणाले आणि बोटीसाठी निघाले. शेजारी थुंकला. “एवढं शिकून खड्डा खणला, आणि आमच्या पोटावर पाय.” दोनचारजणांनी त्याला दुजोरा दिला. खोत कुणाकडेही न बघता उठले.

पुळण रिकामी झाल्यावर बाबा पाठ चोळत मास्तरांजवळ बसले. म्हणाले, “गलबतं हितंच ठेवायचो आमी. पावसाआधी वर ओढायची आनि झापांनी शाकारायची. शेवटच्या खेपेला माल नाय गावला, तर रिकामं गलबत उलटतं. मंग तिकडच्याच पुळणीवरची वाळू नीरम म्हणून भरायची. वजनासाठी. हितं आलं की फेकून द्यायची.”

मास्तरांनी मान वर केली. “तिकडची म्हणजे?”

“दक्षिणेकडची. कोल्लमच्या बाजूची. मीच कितीदा फावडी मारलीत.”

“पिवळी होती का?”

“मास्तर, वाळू ती वाळू. तिचा रंग कोण बघतंय? घरी पोचायची घाई.”

मास्तर हसायला लागले. आधी आवाज न करता, मग मोठ्याने. डोळे पुसत म्हणाले, “म्हणजे माझं अर्धं बरोबर होतं. दक्षिणेकडून समुद्रानेच आणली.”

“समुद्रानं कुटची,” बाबा म्हणाले. “आमच्या पाठीनं.”

मास्तरांना परत तरीपर्यंत सोडायला मी गेलो. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं. शेवटी मी म्हणालो, “मास्तर, तुम्ही आमचं घर वाचवलंत.”

ते थांबले. “कुठलं घर?”

“आमचं. खुंट्यांच्या आत येत होतं.”

“तुझं घर त्यात येत होतं?” ते खरंच चकित झाले होते. आमच्या अंगणात उभं राहून ते ताक प्यायले होते, गोठ्याच्या फळीने बाबांनी त्यांच्यासाठी भिंत धरली होती, तरी त्यांना ते दिसलं नव्हतं. “मग काल आलास तेव्हा का नाही सांगितलंस?”

मी म्हणालो, सांगायलाच आलो होतो.

त्यांनी माझ्या हातातून कोट घेतला. चुंबक चाचपला. “बरं झालं नाही सांगितलंस,” ते म्हणाले. “नाहीतर खड्ड्यात मला वाळू दिसली नसती. तुझं घर दिसलं असतं. मग मी नाही म्हटलं असतं ते वाळूमुळे की घरामुळे, हे मला कधी कळलं नसतं.”

त्यांच्या ह्या बोलण्याने मला थोडं वाईट वाटलं होतं, हेही लिहायला हवं. आता वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. खड्डा उघडा होता, गुरं पडतील म्हणून बाबा तो बुजवायला निघाले होते. मास्तर म्हणाले, असा नको. जसं होतं तसं. आधी काळी वाळू. मग झापं. मग पिवळी. मिसळायची नाही. “पुढे कुणी खणलं, तर त्याला खरं दिसलं पाहिजे.” बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग कुरकुर न करता, सांगितलं तसं एकेक फावडं टाकलं. सगळं झाल्यावर मास्तरांनी खिशातून ती बाटली काढली आणि पिवळे कणही वरच्या थरावर ओतले, हाताने सारखे केले. काच मात्र त्यांनी ठेवली. आक्का म्हणाल्या, “इतकी वर्षं भातातून वाळू खाल्ली, ती फुकट गेली म्हणायची.” मास्तर म्हणाले, “फुकट कशी? पचली ना?”

ते अजून शाळेतच आहेत, हेडमास्तर झालेले नाहीत. सुट्ट्यांत अजून काळ्या समुद्रावर दिसतात. माझ्या प्राध्यापकांना मी हे सगळं सांगितलं नाही. सांगितलं तर ते फणसाचं पुन्हा म्हणतील.

आमच्या पुळणीच्या त्या जागेला पूर्वी नाव नव्हतं. मागल्या सुट्टीत मी घरी गेलो, तेव्हा आई दारातून विचारत होती, शाकारणीची झापं कुठे ठेवलीत? बाबा माडाखालून ओरडले, “अगो, थंयच वाळत घातलीत. मास्तरांच्या वाळूवर.”